पडताळा

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी "आता हे आपल्याला कॉम्प्युटरमधलं काहीतरी सांगतील" अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून जो सुस्कारा आला तो मी ऐकला आहे. चाळीस वर्षं झाली, पण मागचा बाक काही सुधारला नाही. घाबरू नका. मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, खतावण्या जुळवल्या आणि निवृत्त झालो. मला वीस मिनिटं दिली आहेत आणि जेवणात उकडीचे मोदक आहेत हे मलाही ठाऊक आहे.

मी बोलणार आहे ते आपल्या फोटोंबद्दल. त्यात माझी एक चूक झाली. ती तुमच्यासमोर कबूल करायची आहे आणि मग ती निस्तरायला काय केलं तेही सांगायचं आहे.

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून चिपळूणला आलो होतो. आपल्या वर्गातली जी मैत्रीण सगळ्यांच्या राख्या, पत्रं, फोटो जपून ठेवायची, तिच्या बाजारपेठेतल्या घरी गेलो. तिच्याकडचे तीन अल्बम आणि इतर अनेकांनी दिलेली पाकिटं घेतली आणि दोन आठवडे बसून एकूण ६१२ फोटो स्कॅन केले. सहली, स्नेहसंमेलनं, कवायत, विज्ञान प्रदर्शन, निरोपसमारंभ आणि अर्थात दहावीचा ग्रुप फोटो. प्रत्येक फोटो होता तिथे परत चिकटवला आणि अल्बम ज्याचे त्याला परत केले. काम फत्ते झालं असं वाटलं.

मग २२ जुलै २०२१ चा दिवस आला. त्याबद्दल इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी काय सांगणार? तुम्ही तो घराच्या माळ्यावर बसून काढला आहे. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि मैत्रिणीचे तिन्ही अल्बम खालच्या कपाटात होते. चिखलातून बाहेर काढले तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली होती. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा ती घराबद्दल बोलली, दुकानाबद्दल बोलली आणि शेवटी म्हणाली, "फोटो तुझ्याकडे आहेत ना रे?" मी म्हटलं, "अगं, निर्धास्त राहा. सगळे आहेत."

हे म्हणताना मी ती डिस्क उघडून पाहिली नव्हती. हीच माझी चूक.

२०२३ मध्ये या मेळाव्याची जुळवाजुळव सुरू झाली आणि स्मरणिकेसाठी फोटो मागितले गेले. तेव्हा मी डिस्क लावली. फायली सगळ्या होत्या, नावं बरोबर, आकार बरोबर, तारखा बरोबर. ग्रुप फोटो उघडला. वरच्या दोन रांगा स्वच्छ दिसल्या. बाकावर उभे आपण, भांग पाडलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेले. त्याखाली मात्र नुसता सपाट राखाडी पट्टा. जेपेग प्रकारचा फोटो वरून खाली उलगडत जातो. मध्ये कुठे एखादा अंक बिघडला की त्याच्या खालचा सगळा भाग जाऊ शकतो. आणि आपल्या फोटोत खाली कोण होतं? खुर्च्यांवर बसलेले आपले सगळे शिक्षक, त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसलेल्या मुली आणि अगदी कडेला उभे आपले शिपाईमामा. उभे राहिलेलो आपण तेवढे शिल्लक राहिलो होतो.

मी त्या रात्री एकेक करून सगळे ६१२ फोटो उघडून पाहिले. ३७ बिघडलेले निघाले.

कारण काय? २०२० मध्ये मी जुन्या डिस्कवरून सगळं नव्या डिस्कवर उतरवलं होतं आणि जुनी डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकली होती. उतरवताना केबलने दगा दिला, की डिस्कने, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. कॉम्प्युटरने एका शब्दाने कुरकूर केली नव्हती. त्याला वाचायला सांगितलं, त्याने वाचलं. लिहायला सांगितलं, लिहिलं. वाचलेलं बरोबर होतं का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

बँकेतल्या माणसाला याची लाज जास्त वाटते. आम्ही संध्याकाळी पाच पैशांचा फरक निघाला तरी घरी जात नसू. आणि आयुष्यभराच्या आठवणींचा ताळा मी पाच वर्षांत एकदाही केला नव्हता.

आता जरा आपल्या गणिताच्या वर्गात जाऊ. सरांनी आपल्याला नवाचा पडताळा शिकवला होता. १५ गुणिले १३ किती? १९५. बरोबर का? १५ चे अंक मिळवा, ६. १३ चे मिळवा, ४. सहा चोक चोवीस, चोवीसचे परत सहा. आता १९५ : एक, नऊ, पाच, बेरीज १५, म्हणजे परत सहा. जुळलं! आणि मग सर मिस्कील हसून फळ्यावर १९५ पुसून १५९ लिहायचे आणि विचारायचे, "आता?" अंकांची जागा बदलली, उत्तर चुकलं, पण बेरीज तीच. पडताळा फसला. "पडताळा चांगला आहे, पण आंधळा विश्वास नको," असं सर म्हणायचे.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. यावरचा उपाय मला चाळीस वर्षांनी सापडला. नुसती बेरीज करायची नाही, चढती बेरीज करत जायची आणि त्या बेरजांचीही बेरीज करायची. १, ९, ५ घ्या. चढत्या बेरजा १, १०, १५ आणि त्यांची बेरीज २६. आता १, ५, ९ घ्या. चढत्या बेरजा १, ६, १५ आणि त्यांची बेरीज २२. अदलाबदल पकडली गेली! जॉन फ्लेचर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ही युक्ती मांडली. म्हणजे आपण शाळेत होतो, तेव्हा.

ही युक्ती जिथे रोज वापरली जाते अशी एक व्यवस्था आहे. तिचं नाव झेडएफएस. ही फाइलसिस्टीम आहे, म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवलं त्याची खतावणी सांभाळणारी पद्धत. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि २००५ मध्ये तिचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला झाला. पुढे लिनक्सवर ती आणण्याचं काम त्याच लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झालं. जग लहान आहे, चिपळूणएवढं.

झेडएफएस डिस्कवर विश्वास ठेवत नाही. लिहिताना प्रत्येक तुकड्याचा पडताळा काढून ठेवते आणि वाचताना दर वेळी तो पुन्हा काढून ताडून पाहते. फ्लेचरची बेरजांची बेरीज दोन पायऱ्यांवर थांबते. झेडएफएसची नेहमीची पद्धत चार पायऱ्या चढते.

पण माझ्या मनात भरली ती वेगळीच गोष्ट. तो पडताळा ठेवायचा कुठे? तुकड्याच्या शेजारीच ठेवला, तर तुकड्याबरोबर तोही खराब होणार, किंवा चुकीच्या जागी लिहिलेला तुकडा आपल्या चुकीच्या पडताळ्यासह खुशाल "मी बरोबर" म्हणणार. म्हणून झेडएफएस तो वरच्या पातळीवर ठेवते. आपली हजेरी आठवा. मी हजर होतो का, हे माझ्या वहीत लिहिलेलं नसायचं. ते वर्गशिक्षकांच्या हजेरीपटावर असायचं. त्या हजेरीपटाचा गोषवारा कार्यालयात आणि कार्यालयाचा मुख्याध्यापकांकडे. माझ्या हजेरीची साक्ष मी देऊन चालत नसे. झेडएफएसमध्ये अशीच वरपर्यंत साखळी असते आणि सगळ्यांत वर मुख्याध्यापकांसारखी एकच नोंद असते.

दोन डिस्कवर तेच तेच लिहायचं, ही कल्पना जुनीच आहे. तिला मिरर म्हणतात. पण साध्या मिररमध्ये दोन डिस्कनी दोन वेगळी उत्तरं दिली तर खरं कोणाचं, हे ठरवता येत नाही. एका बाकावरच्या दोघांची उत्तरं वेगळी आली, तर सरांकडची उत्तरपत्रिका लागते. झेडएफएसकडे ती असते. पडताळा न जुळलेली प्रत ती बाजूला सारते, दुसऱ्या डिस्कवरची पाहते, ती जुळली तर आपल्याला देते आणि वर पहिल्या डिस्कवरची चूकही दुरुस्त करून ठेवते.

एवढं वाचल्यावर मी ठरवलं, की आपले फोटो इथेच ठेवायचे. पण यासाठी मोठा सर्व्हर घेण्याची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. सगळे फोटो मिळून वीस जीबीसुद्धा होत नाहीत. भाच्याने (त्याला डिस्क दिली होती ना, त्याने परतफेड केली) एक रास्पबेरी पाय आणून दिला. हा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. एबेन अप्टन आणि त्यांच्या केंब्रिजच्या मंडळींनी शाळेतल्या मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला. शाळेच्या कामाला शाळेसाठीच बनवलेलं यंत्र, याहून चांगला योग कोणता? माझ्याकडचा चौथ्या पिढीचा, चार जीबी मेमरीचा. दिवसरात्र चालू ठेवला तरी एका छोट्या एलईडी बल्बाएवढीच वीज खातो.

आता उभारणी सांगतो. कुणाला घरी करायचं असेल तर माझ्या ठेचा तरी वाचतील.

पहिलं म्हणजे मेमरी कार्डावर ६४ बिटांचीच प्रणाली घ्यायची. ३२ बिटांवर झेडएफएस रमत नाही. कार्डावर फक्त प्रणाली ठेवायची, फोटो नाहीत. ही कार्डं कधी मान टाकतील नेम नसतो. कार्ड गेलं तर नवं घालायचं. फोटो डिस्कवर असतात आणि त्या डिस्कना आपण कोण ते स्वतःला माहीत असतं. नव्या कार्डावरून एक आज्ञा दिली की सगळं परत समोर येतं.

दुसरं म्हणजे झेडएफएस लिनक्सच्या गाभ्यात नाही. दोघांचे परवाने वेगळे आहेत आणि ते एकत्र नांदू शकत नाहीत असं बहुतेकांचं मत आहे. म्हणून ती वेगळी आणून आपल्या यंत्रावर, आपल्या कर्नलसाठी बांधून घ्यावी लागते. रास्पबेरी पायसारख्या गरीब यंत्रावर याला वेळ लागतो. माझा चहा झाला, पेपर झाला, शब्दकोडंही सुटलं, तेव्हा कुठे ती तयार झाली.

तिसरी ठेच विजेची. मी एक-एक टीबीच्या दोन छोट्या डिस्क घेतल्या, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत नको. दोन्ही थेट पायला लावल्या. एक सुरू झाली. दुसरी टक-टक करून गप्प. पुन्हा टक-टक. मला वाटलं, डिस्क खराब आली. पण या यंत्राच्या चारही यूएसबी खाचा मिळून १.२ अँपियर वीज मिळते आणि फिरायला लागताना दोन डिस्कना त्याहून जास्त लागू शकते. स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब आणला आणि टक-टक थांबली. दोन पाव्हणे आले की एका भाकरीत भागत नाही, एवढंच.

चौथी गोष्ट नावाची. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देते, पण ती आधी कोण जागं झालं यावर ठरतात. आज एसडीए असलेली डिस्क उद्या एसडीबी असू शकते. म्हणजे बाकावरची जागा. जो आधी येईल तो खिडकीशी. त्याऐवजी डिस्कच्या अनुक्रमांकावरून तयार झालेलं कायमचं नाव वापरायचं. तो आपला जनरल रजिस्टरचा नंबर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजही तोच आहे.

मग दोन डिस्कचा मिळून एक पूल तयार करायचा. पूल म्हटलं की चिपळूणच्या माणसाला बहादूरशेख नाका आठवतो, पण हा पूल म्हणजे सामायिक साठा, सार्वजनिक विहिरीसारखा. तो तयार करताना एक आकडा द्यायचा असतो, बारा. म्हणजे दोनाचा बारावा घात, ४०९६. हल्लीच्या डिस्क आत इतक्या बाइटांच्या घरांत लिहितात. हा आकडा नंतर बदलता येत नाही, म्हणून आधीच नीट द्यायचा.

झेडएफएसला मेमरी फार लागते असा तिचा दबदबा आहे. ती मुख्यतः वाचलेलं जवळ राखून ठेवायला मेमरी वापरते आणि माझ्याकडच्या आवृत्तीत निम्म्या मेमरीपर्यंत हात मारते. मी तिला एक जीबीची मर्यादा घालून दिली. आपले फोटो पाहायला तेवढी पुष्कळ झाली. डीड्युप्लिकेशन नावाची एक सोय आहे, तिच्या वाटेला मात्र लहान यंत्रावर जाऊ नये. ती मेमरी खाऊन टाकते.

झेडएफएस जुन्या तुकड्यावर गिरवत नाही. बदल झाला की तो नव्या जागी लिहिते आणि लिहून पुरा झाल्यावरच खतावणीत जुन्याऐवजी नव्याची नोंद करते. बाई शाईच्या वहीत खाडाखोड चालू देत नसत, नवं पान लिहा म्हणत, तसंच हे. म्हणून मध्येच वीज गेली तरी अर्धवट लिहिलेलं राहत नाही. एक तर जुनं पान असतं, नाही तर नवं. आणि जुनी पानं मुद्दाम जपून ठेवायला सांगता येतात. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. फोटो लावताना मी एकदा स्नेहसंमेलनाचा अख्खा फोल्डर पुसला. आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून तो दोन मिनिटांत परत आला. या वयात ही सोय फार उपयोगी आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये हे सगळं उभं राहिलं. डोळ्यांनी तपासून चांगले ठरलेले ५७५ फोटो मी त्यात ठेवले. बिघडलेले ३७ वेगळे ठेवले. कारण हेही स्पष्ट सांगायला हवं, की झेडएफएस बिघडलेला फोटो बरा करत नाही. तुम्ही चुकीचं दिलं तर ती चुकीचंच इमानाने जपते. तिचं वचन एवढंच, की जे दिलं तेच परत मिळेल, नाही मिळालं तर मी तुम्हाला सांगेन. पहिल्या डिस्कने मला नेमकं हेच सांगितलं नव्हतं.

आता तपासणी. कुणी वाचायला मागेपर्यंत थांबायचं नाही. पुलातला प्रत्येक तुकडा वाचून पडताळून पाहायचा. त्याला स्क्रब म्हणतात, म्हणजे घासणं. डेबियनमध्ये हे काम दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप सुरू होतं. १० मार्च २०२४ चा रविवार. मी सकाळी अहवाल पाहिला. १२८ किलोबाइट दुरुस्त केले, चुका शून्य. एका डिस्कसमोर पडताळा न जुळल्याची नोंद होती.

माझ्या हाताला घाम फुटला. म्हणजे पुन्हा तेच घडलं होतं! कुणीतरी पुन्हा गुपचूप एक तुकडा बिघडवला होता. फरक इतकाच, की या वेळी कुणीतरी पाहत होतं. दुसऱ्या डिस्कवरची प्रत बरोबर होती, तिच्यावरून दुरुस्ती झाली होती. कोणता फोटो होता तो? ते मला कळलं नाही. बिघडलेलं काही उरलंच नव्हतं, म्हणून सांगण्यासारखंही काही नव्हतं. मी त्या डिस्कची केबल बदलली, नोंद पुसली आणि पुन्हा स्क्रब लावला. स्वच्छ. तेव्हापासून आजपर्यंत स्वच्छ आहे. ती जुनी केबल मी टाकून दिलेली नाही. तिला गाठ मारून खुंटीला टांगून ठेवली आहे.

महिन्याभराने दुसरा धडा मिळाला. मी उत्साहाने प्रणाली अद्ययावत केली. कर्नल नवा आला, आणि माझी झेडएफएसची आवृत्ती त्याच्यासाठी बांधलीच जाईना. यंत्र चालू केलं तर उत्तर आलं, एकही पूल उपलब्ध नाही. दोन तास मी देव पाण्यात घालून बसलो होतो. फोटो डिस्कवर सुखरूप होते, फक्त कपाटाची किल्ली हरवली होती. डेबियनच्या बॅकपोर्ट्स विभागातून झेडएफएसची नवी आवृत्ती घेतली, ती बांधली, पूल परत आणला. तेव्हापासून कर्नल रोखून ठेवला आहे. आधी झेडएफएस तयार आहे का ते पाहायचं, मगच कर्नल पुढे न्यायचा.

आणि तरीही हे सगळं एका घरात, एका टेबलावर आहे. चोर आला, आग लागली, तर दोन्ही डिस्क एकदमच जाणार. पूर काय करतो हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून नाशिकच्या आपल्या मित्राच्या घरी दुसरा रास्पबेरी पाय ठेवला आहे. गोदावरीपासून लांब आणि तिसऱ्या मजल्यावर, ही अट मी घातली होती. पहिली पूर्ण प्रत माझ्याकडे बनवली आणि एसटीने मांडीवर घेऊन गेलो. आता रोज रात्री फक्त त्या दिवसाचा फरक इंटरनेटवरून तिकडे जातो. एका स्नॅपशॉटपासून दुसऱ्यापर्यंत काय बदललं, हे झेडएफएसला नेमकं माहीत असतं, म्हणून हे काम मिनिटभरात होतं. वहिनी म्हणतात, "भावोजी, तुमचा डबा गप्प असतो, काही त्रास नाही."

आता उरले ते ३७ फोटो. ते कोणत्याच यंत्राने परत दिले नाहीत. ते तुम्ही दिलेत. मी गेलं वर्षभर तुम्हा सगळ्यांना फोन करून पिडलं. कुणाच्या माहेरी, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या देवघराच्या कपाटात दुसऱ्या प्रती निघाल्या. २९ परत मिळाले.

त्यातला ग्रुप फोटो आपल्या मराठीच्या बाईंकडे मिळाला. मी त्यांच्या घरी गेलो आणि भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, प्रत्येक तुकडीचा ठेवलाय मी." माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी पाकीट काढायला लावलं. फोटो स्वच्छ होता. खालची रांग सगळी जागच्या जागी. मग त्यांनी तो माझ्या हातात उलटा केला. मागे पेन्सिलीने, ओळीने, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहिलेली. शेवटी शिपाईमामांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पाच वर्षं आपण त्यांना नुसतं मामा म्हणत होतो. मला ते नाव त्या दिवशी कळलं.

आणि माझ्या लक्षात आलं, की २०१८ मध्ये मी ६१२ फोटोंच्या फक्त पुढच्या बाजू स्कॅन केल्या होत्या. पुराने नेलेल्या त्या अल्बममधल्या फोटोंच्या मागे काय काय लिहिलेलं होतं, ते मी कधी पाहिलंच नाही. ते आता कोणत्याही स्नॅपशॉटमध्ये नाही.

बाईंच्या फोटोच्या दोन्ही बाजू मी स्कॅन केल्या. तोच फोटो या स्मरणिकेत छापला आहे, मागच्या नावांसकट. मूळ फोटो बाईंना परत दिला. खरी साक्ष त्यांच्याकडेच राहू दे.

आठ फोटो अजून सापडलेले नाहीत. त्यांची यादी बाहेर प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावली आहे. आठवीची पन्हाळ्याची सहल आहे, नववीतल्या नाटकाचा एक प्रवेश आहे. जेवायला जाताना एकदा पाहा. घरी गेल्यावर जुन्या पेट्या उघडा. मिळाला तर पुढची बाजू पाठवाच, पण उलटून मागची बाजूही पाठवा.

आणि एक विनंती. ज्यांच्या ज्यांच्याकडे घरचे फोटो "डिस्कवर आहेत, निर्धास्त आहोत", त्यांनी झेडएफएस बसवा असा माझा आग्रह नाही. पण या रविवारी ती डिस्क लावा आणि दहा फोटो तरी शेवटपर्यंत, खालच्या रांगेपर्यंत उघडून पाहा. मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी तेवढं केलं असतं, तर भाच्याला दिलेल्या डिस्कवर काही उरलं होतं का, हे तरी वेळेत शोधता आलं असतं.

सर, तुम्ही म्हणत होता, उत्तर आलं की वही मिटू नका, पडताळा करा. आम्ही वह्या मिटल्या. त्याबद्दल क्षमा असावी.

मोदक गार होत आहेत.